देवाचे दार सर्वांसाठी : पालगडचे साने गुरुजी

सह्याद्री आणि सागर यांच्यामध्ये वसलेल्या दापोली तालुक्याने महाराष्ट्राला अनेक नररत्ने दिली. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव याच तालुक्यातले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून जगभर कीर्ती मिळविणारे भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे शालेय शिक्षण दापोलीस झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात असून, सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांचे वडील सुभेदार रामजी काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहत होते. याच मालिकेतले एक नाव कोकणातल्या घराघरांत आईच्या आठवणीसारखे जपले जाते. ते नाव म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात पूज्य साने गुरुजी.

गुरुजींना बहुतेक लोक 'श्यामची आई'चे लेखक म्हणून ओळखतात. परंतु ते राजकारणातलेही होते. त्यांनी काँग्रेसचे काम केले, सत्याग्रह केले, तुरुंगवास भोगला आणि पुढे समाजवादी पक्षात काम केले. हे सर्व करताना त्यांनी आपली देवभक्ती कधी लपविली नाही. भर सभेत ते देवाचे नाव घेत आणि घेता घेता त्यांचे डोळे भरून येत. सांप्रत पुढाऱ्यांचे देवदर्शन ही नित्याची बाब झाली आहे. निवडणुकीचा अर्ज भरण्याआधी अभिषेक, निकालानंतर महापूजा, आणि दोन्हींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत. अशा काळात एका राजकीय कार्यकर्त्याने आपली श्रद्धा चारचौघांत कशी मांडली आणि तिचे मोल कशाने चुकविले, याचे स्मरण मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी उचित ठरेल.

बालपण आणि आईचे संस्कार

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगड येथे झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणे खोताचे, एके काळी सुखवस्तू. पण भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांनी घराला उतरती कळा लागली. लहानग्या पांडुरंगाने दारिद्र्य जवळून पाहिले. दारी येणाऱ्या सावकाराच्या माणसांपुढे आईची होणारी घालमेलही पाहिली. त्या माउलीने मुलाला संपत्ती दिली नाही. पण रोजची पूजा, झाडाफुलांवरची माया आणि परक्याचे दुःख आपले मानण्याची सवय दिली. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनाला घाण लागू नये म्हणून जप, ही तिची शिकवण आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे.

'श्यामची आई'तली आणखी एक आठवण येथे सांगण्याजोगी आहे. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी डोक्यावरून खाली पडते. ती एकटीला उचलवत नाही आणि शिवाशिवीच्या भयाने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग येऊन आंघोळ कर. त्या काळच्या रूढीत वाढलेल्या बाईने एवढे सांगणे ही लहान गोष्ट नव्हती. मोळी उचलून देण्याइतकी दया तिच्यापाशी होती. आंघोळ टाळण्याइतकी मोकळीक समाजाने तिला दिली नव्हती. आईने धर्म जेथवर आणून ठेवला, तेथून पुढची वाट मुलाने चालली. ती आंघोळ कोणालाच करावी लागू नये, यासाठी त्याने पुढे आपला देह पणास लावला.

दापोली ते अमळनेर

पालगडची शाळा संपल्यावर पांडुरंग दापोलीच्या मिशनच्या इंग्रजी शाळेत आला. सुटीच्या दिवशी पायवाट तुडवीत, पावसाळ्यात ओढे ओलांडीत तो पालगडास आईला भेटावयास जाई. पैशाअभावी येथले शिक्षण थांबले. विद्यार्थ्यांना सवलत मिळते असे ऐकून तो औंध संस्थानात गेला; तेथे प्लेगची साथ आली आणि पुण्यास यावे लागले. वारावर जेवून, अर्धपोटी राहून तो नूतन मराठी विद्यालयात शिकला. १९१७ साली आई गेली. त्या वेळी मुलगा शिक्षणासाठी दूर होता. अखेरची भेट झाली नाही, ही खंत त्याच्या मनातून कधी गेली नाही. १९१८ साली तो मॅट्रिक झाला आणि पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे नंतरच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, १९२२ मध्ये बी. ए. झाला.

तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले. एम. ए. झाल्यावर १९२४ साली तेथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढावी, कोणाचे कपडे मळलेले दिसले तर धुऊन ठेवावेत, हा त्यांचा नित्यक्रम. मुले त्यांना गुरुजी म्हणू लागली आणि पुढे अवघा महाराष्ट्र त्यांना त्याच नावाने ओळखू लागला.

तुरुंगातली उपासना

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी शाळेचा राजीनामा देऊन त्यात उडी घेतली. धुळ्याचा तुरुंग झाला, पुढे त्रिचनापल्लीचा झाला. दक्षिणेतल्या त्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांचे कैदी एकत्र होते. त्यांच्या सहवासात गुरुजी त्यांच्या भाषा शिकले. भारतातल्या सर्व भाषांनी एकमेकींना ओळखावे, ही पुढे 'आंतरभारती' म्हणून त्यांनी मांडलेली कल्पना तेथेच रुजली.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांना मोठा लाभ झाला. आचार्य विनोबा भावे त्याच तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. कैद्यांमध्ये बसून गुरुजींनी ती अठरा प्रवचने भराभर लिहून घेतली. आज 'गीता प्रवचने' हा ग्रंथ अनेक भाषांत घरोघर वाचला जातो, त्याचे श्रेय गुरुजींच्या त्या लेखणीला आहे. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली.

तुरुंगाने त्यांची श्रद्धा पालटली नाही. तिला विस्तार दिला. 'भारतीय संस्कृती' या ग्रंथात त्यांनी पहिलाच विचार अद्वैताचा केला. सर्वांठायी एकच आत्मा आहे असे मुखाने म्हणावयाचे आणि शेजारच्या माणसाची सावली टाळावयाची, ही विसंगती त्यांना असह्य होती. अद्वैत हे पोथीत ठेवण्याचे नसून पाणवठ्यावर, पंगतीत आणि देवळाच्या उंबरठ्यावर आचरण्याचे आहे, अशी त्यांची धारणा होती. इस्लामी संस्कृतीवरही त्यांनी तितक्याच आदराने पुस्तक लिहिले. स्वतःच्या देवावर नितांत प्रेम करताना दुसऱ्याच्या देवाचा अनादर करण्याची गरज त्यांना कधी भासली नाही.

राजकारणातला भक्त

१९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्यासाठी गुरुजींनी गावोगाव फिरून लोकांना जागे केले. पुढे त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक चालविले. शेतकऱ्यांच्या सारामाफीसाठी आणि गिरणी कामगारांच्या हक्कांसाठी ते झगडले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि पकडले गेल्यावर पुन्हा तुरुंगात गेले. एवढे करूनही आमदारकी किंवा मंत्रिपद त्यांनी कधी भूषविले नाही.

सार्वजनिक जीवनात धर्माचे नाव घेणारे ते पहिले नव्हते. १८९३ पासून लोकमान्यांनी गणेशोत्सवास सार्वजनिक रूप देऊन लोकजागृती केली. १९१८ साली मुंबईत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्यता निवारण परिषद भरविली, तेव्हा लोकमान्यांनी तेथे अस्पृश्यतेविरुद्ध भाषण केले. मात्र अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. एवढ्या थोर पुरुषालाही व्यासपीठावरचा विचार घराच्या उंबऱ्याआड नेणे त्या काळी अवघड वाटले, यावरून रूढीचा पगडा किती होता हे कळते. आपल्या रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने आणि दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्याने १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले. ते सर्व हिंदूंना आरंभापासूनच खुले होते. तथापि नवे देऊळ बांधणे आणि शतकानुशतकांच्या जुन्या देवळाचे दार उघडणे, यांत फार अंतर होते.

पंढरीचे दार

महाराष्ट्राचे आराध्य दैवत पंढरीचा विठोबा. गुरुजींचे नाव पांडुरंग; त्या देवाचेच. वारकरी संप्रदायात अठरापगड जातींचे संत झाले. पण चोखामेळ्याला मंदिरात पाऊल टाकता आले नाही. मंगळवेढ्याला भिंत कोसळून तो गतप्राण झाला. नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. त्यानंतर सहाशे वर्षे त्याच्या जातबांधवांनी त्या समाधीपर्यंत यावे, कळसाला हात जोडावे आणि परत फिरावे, असा शिरस्ता चालला. चंद्रभागेच्या वाळवंटात नाचणाऱ्या वैष्णवांत भेद नाही आणि राऊळाच्या दारी मात्र आहे, हे गुरुजींना सहन होईना. देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर होता. स्वतंत्र भारतात विठोबा परतंत्र राहणार काय, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस जाळू लागला.

१९४६ च्या अखेरीस त्यांनी या कारणासाठी प्राणांतिक उपोषणाचा निश्चय जाहीर केला. सहकाऱ्यांनी आणि ज्येष्ठांनी विनविले की, आधी लोकांना समजावून सांगावे. गुरुजींनी ते मानले आणि महाराष्ट्राचा दौरा आरंभिला. सेनापती बापटांसारख्या वृद्ध देशभक्ताने त्यांना साथ दिली. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक गाणी आणि मेळे घेऊन बरोबर फिरले. गावोगाव सभा झाल्या. अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी आपण होऊन देवळे आणि विहिरी सर्वांना मोकळ्या केल्या. काही ठिकाणी विरोधही झाला. गुरुजी कोणावर रागावले नाहीत. ते हात जोडीत, आणि पुढच्या गावी जात.

दौरा संपला, पण पंढरपूरचे दार उघडले नाही. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषणास आरंभ केला. वातावरण इतके तापलेले होते की त्यांना उतरावयास जागा मिळणेही कठीण झाले. त्या वेळी तनपुरे महाराजांनी आपल्या मठाचे दार उघडून त्यांना आश्रय दिला. वारकरी परंपरेतल्या एका महाराजांनी दाखविलेले हे धैर्य विसरता येणार नाही. विरोधकांनी मिरवणुका काढल्या. साने यांनी भीमेपलीकडे चालते व्हावे, विठ्ठलाचे दार उघडणार नाही, अशा आरोळ्या दिल्या. मे महिन्याचे ऊन, आधीच खालावलेली प्रकृती आणि पोटात अन्नाचा कण नाही, अशा स्थितीत गुरुजी शांतपणे पडून होते.

आक्षेप आणि उत्तर

या उपोषणावर त्या काळी आक्षेप घेतले गेले, आणि तेही लहानसहान माणसांकडून नव्हे. महात्मा गांधींना हे उपोषण पसंत पडले नाही. त्यांनी तार करून ते सोडण्यास सांगितले. ज्यांना गुरुजी दैवतासमान मानीत, त्यांचीच ही आज्ञा! गुरुजींना ती पाळता आली नाही. आपल्या अंतरीच्या देवाची आज्ञा वेगळी आहे, असे नम्रपणे कळवून त्यांनी उपोषण चालू ठेवले. दुसरा आक्षेप असा की, मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ मंदिरप्रवेशाचा कायदा आणीतच होते, मग हा अट्टहास कशाला? गुरुजींचे म्हणणे असे की, कायद्याने कुलूप निघेल, पण मन मोकळे झाले पाहिजे. पोलिसांच्या बंदोबस्तात देवदर्शन घ्यावे लागले, तर त्यात देवाचीही शोभा नाही आणि भक्ताचीही नाही.

तिसरा प्रश्न अधिक खोल होता. ज्यांच्यासाठी हे चालले होते, त्यांतले पुष्कळ लोक एव्हाना या वाटेवरून पुढे निघून गेले होते. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. पण दार उघडले नाही. अखेर १९३५ साली येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. देवळात घेता का, अशी विनवणी करण्याचे दिवस त्यांच्या मते संपले होते. ही गोष्ट गुरुजी जाणत होते. म्हणूनच ते उपोषणाला कोणावरचा उपकार मानीत नव्हते. दार ज्यांनी बंद केले, त्यांच्या कुळात आपला जन्म झाला आहे; तेव्हा हे आपल्याच घराचे प्रायश्चित्त आहे, अशी त्यांची भावना होती.

उपोषण हा एक प्रकारचा दबाव होय, हेही नाकारता येत नाही. परंतु तो दबाव टाकणाऱ्याने दुसऱ्याच्या केसालाही धक्का लावला नाही. श्रद्धेची सर्व किंमत त्याने स्वतःच्या देहातून दिली.

दहा दिवस गेले. महाराष्ट्रभर चिंता पसरली. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली आणि १० मे १९४७ रोजी बडवे मंडळींनी मंदिर हरिजनांसाठी खुले करण्यास संमती दिली. गुरुजींनी उपोषण सोडले. त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता कायमची रद्द केली, आणि पंचविसाव्या कलमाने सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार शासनास दिला. पुढे १९५८ साली विनोबा अन्य धर्मीय सहकाऱ्यांसह विठ्ठलाच्या पायांशी गेले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. पंढरीचे दार असे टप्प्याटप्प्याने उघडत गेले.

अखेरची वर्षे

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. ती करणारा महाराष्ट्रीय होता, याची गुरुजींना इतकी लाज वाटली की त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. परंतु स्वातंत्र्यानंतर वाढत चाललेला द्वेष आणि स्वार्थ पाहून त्यांचे मन खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हातांनी आपली जीवनयात्रा संपविली. वय अवघे पन्नास. इतरांना सदैव धीर देणाऱ्या या मातृहृदयी माणसाचे दुःख जवळच्यांनाही पुरते कळले नाही, याची हळहळ महाराष्ट्राला आजतागायत आहे.

१९५३ साली आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई'वर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पालगडला त्यांच्या जन्मघरी आज स्मारक आहे. दापोलीला येणारी मंडळी मुद्दाम वाट वाकडी करून तेथे जातात.

उंबरठ्याचा धडा

पुढाऱ्याने देवाचे नाव घ्यावे की घेऊ नये, यावर आज पुष्कळ वाद होतात. गुरुजींच्या चरित्रात त्याचे साधे उत्तर सापडते. नाव घेतल्यावर ओझे कोणाच्या खांद्यावर पडते ते पाहावे. दुसऱ्याला भिवविण्यासाठी, दूर सारण्यासाठी किंवा मते मोजण्यासाठी घेतलेले नाव ओठांवरच राहते. गुरुजींनी ज्या देवाचे नाव घेतले, त्याच्यासाठी ते स्वतः उपाशी राहिले. मागितले ते फक्त दुसऱ्यांसाठी, आणि तेही एक उघडे दार.

जीर्णोद्धार म्हणजे केवळ नवा कळस, नवी फरशी आणि रंगविलेला सभामंडप नव्हे. ज्या देणगीदारांनी लाखांनी दिले आणि ज्या माउल्यांनी पदराच्या गाठीची दहाची नोट सोडून दिली, ज्या चाकरमान्यांनी मुंबईहून वर्गणी धाडली आणि ज्यांनी पैसा नाही म्हणून डोक्यावरून चिरा वाहिला, त्या सर्वांचा या वास्तूवर सारखाच हक्क आहे. पालखी कोणत्या वाडीत जाते, मान कोणाला मिळतो, महाप्रसादाची पंगत एकच बसते की दोन, या गोष्टींतून देवळाची खरी उंची कळते. दापोलीच्या मातीत जन्मलेल्या पांडुरंगाने पंढरीच्या पांडुरंगाचे दार ज्या भावनेने उघडविले, ती भावना गावोगावच्या देवळांच्या उंबरठ्यावर नांदो, आणि तेथे येणाऱ्या कोणासही मागे फिरावे न लागो, हीच श्रीचरणी प्रार्थना.